सर्किट चुकलंय हे सांगायचं कसं?

मिलिअँपियर
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागाच काढतोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

हौशी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या एका ग्रुपवर मी आहे, नाव नको. तिथे एका मुलाने, भाषेवरून अकरावी-बारावीतला असावा, गच्चीवरच्या टाकीसाठी स्वतः बनवलेला वॉटर लेव्हल कंट्रोलर टाकला. दोन फोटो आणि वहीच्या पानावर पेनने काढलेलं सर्किट. जनरल पर्पज पीसीबीवर तीन बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, सगळीकडे मिळते ती निळी १२ व्होल्टची रिले (कॉइलने चालणारा स्विच), आणि पॉवर सप्लाय बिनट्रान्सफॉर्मरचा. म्हणजे २३० मधून ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, पुढे ब्रिज (एसीचा डीसी करणारे चार डायोड), पुढे व्होल्टेज १२ वर धरून ठेवणारा झेनर. टाकीत सोडायच्या वायरींपैकी कॉमनची वायर सरळ प्लस १२ ला, मध्ये साधा रेझिस्टरसुद्धा नाही.

ज्यांना कळलं त्यांच्या अंगावर काटा आला असेलच. बाकीच्यांसाठी सांगतो, असल्या सप्लायमध्ये मेन्स (घरातली २३० व्होल्टची लाइन) आणि सर्किट यांच्यात आयसोलेशन, म्हणजे विजेची फारकत, नावाचा प्रकारच नसतो, त्यामुळे ती वायर पाण्यात गेली की टाकीतलं पाणी, नळ आणि नळाखाली हात धरलेला माणूस सगळेच मेन्सला जोडले गेले.

आता प्रतिसाद ऐका. पहिलाच, "घरच्यांचा विमा काढलाय का?" त्यावर हसऱ्या तोंडांची रांग. मग "आधी ट्रान्झिस्टर म्हणजे काय ते वाच", मग एकाने सोल्डरिंगच्या गोळ्यांवर लाल वर्तुळं काढून "साबुदाणा भिजवलाय वाटतं". रात्री मी बघितलं आणि लिहायला घेतलं तोवर पोरगं पोस्ट उडवून ग्रुपमधून बाहेर.

तर पोस्ट उडाली, पोरगं गेलं, बोर्ड कुठे गेला? तेवढ्या सगळ्या प्रतिसादांत "कॉमनची वायर पाण्यात सोडू नकोस, आधी प्लग काढ" हे एक वाक्य एकानेही लिहिलेलं नव्हतं. विनोद मात्र सगळ्यांना सुचले.

तुमच्याकडे कसं चालतं? चूक दाखवायची, समोरचा पळूनही जायला नको, आणि उगाच "छान छान"पण नको. जमतं का कोणाला?

फ्यूजउडव्या
रुमाल टाकून ठेवतो. पॉपकॉर्न मायक्रोवेव्हमध्ये आहेत, अर्थिंग तपासून येतो.

डेटाशीटवाचक
थोडं कडू लिहितो. २३० व्होल्टला तुमचा मान-अपमान कळत नाही. जन्मभर कारखान्यात मेंटेनन्सला काढला, आमचा फोरमन चूक झाली की पाना फेकून मारायचा. एकदा खाल्ला की ती चूक परत व्हायची नाही. आजकाल कोणाला "हे चुकलंय" म्हटलं की लगेच भावना दुखावतात. त्या मुलाला चार शब्द सुनावले तर बिघडलं काय? उलट आयुष्यभर लक्षात राहील.

मिलिअँपियर
@डेटाशीटवाचक, साहेब, पाना फेकणारा फोरमन तुमच्या शेजारी उभा होता आणि मेन स्विच त्याच्या हाताशी होता. आधी स्विच पाडायचा, मग पाना फेकायचा. इथे आपल्याकडे नुसताच पाना आहे.

बाकी शून्य
हे फ्रेम करून टेस्ट बेंचच्या वर लावतोय.

डेटाशीटवाचक
मुद्दा पोचला. तरी तुमच्या लिखाणातली एक गोष्ट दुरुस्त करतो. पाइप पीव्हीसीचा असेल तर गच्चीपासून नळापर्यंतच्या पाण्याचा स्वतःचाच रेझिस्टन्स लाखांत जातो, नळावर फार तर मुंग्या येतील. (यावर कोणी विसंबू नका, प्रयोग तर मुळीच करू नका.) खरा धोका टाकीपाशी. टाकी धुवायला उतरलेला माणूस गुडघाभर पाण्यात उभा असतो आणि त्याला खाली काय जोडलंय याची कल्पनाही नसते.

मिलिअँपियर
आणि पाइप जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, असतील तर? आमच्या इमारतीत अजून तेच आहेत.

वायरमन काका
जीआय असेल तर पाइप जमिनीत गेलेला असतो, करंटला वाट मिळते आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) असेल तर तो पडतो. प्लास्टिकची टाकी आणि पीव्हीसी असेल तर वाटच नाही म्हणून आरसीसीबी गप्प, सगळं कसं छान चाललंय असं वाटत राहतं. ज्या दिवशी कोणी मध्ये येईल त्या दिवशी ती वाट त्याच्या अंगातून. आणि पोरांनो, जुन्या वाड्यांत आणि चाळीत आरसीसीबी शोधून दाखवा मला. फ्यूजच्या जागी तांब्याची तार सापडेल.

मुद्द्यावर बोलायचं तर मी घरोघर काम केलंय, लोकांना "कोणी केलंय हे वायरिंग, अक्कल गहाण ठेवली होती का" असं म्हटलं की ते वायरिंग बहुतेक वेळा समोर उभ्या असलेल्या माणसाच्या मेव्हण्याने केलेलं असतं. मग चहा मिळत नाही. म्हणून मी म्हणायचो, "हे न्यूट्रलला स्विच बसलाय, दिवा विझला तरी होल्डरमध्ये फेज राहते, बल्ब बदलताना शॉक बसेल, बदलून देऊ का?" माणूस लगेच हो म्हणतो. कोणी केलं हा विषयच येत नाही.

सोल्डरवाली
वायरमन काका, दंडवत. मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवते, हेच वर्गात सांगून दमले.

माझं म्हणणं असं की प्रतिसादाचा क्रम चुकतो. माणसाला सगळ्यात आधी जे डोळ्यांना खुपतं ते आपण लिहितो, आणि डोळ्यांना खुपतं सोल्डरिंग. खरं तर ज्याने जीव जाऊ शकतो ते सगळ्यात वर, एका ओळीत, आज्ञार्थी: प्लग काढ, वायर पाण्यातून काढ. तिथे "माझ्या अल्पमतीनुसार" वगैरे गोडवा अजिबात नको, पण विनोदही नको, कारण विनोद लिहिला की वाचणाऱ्याला कळत नाही की हे खरंच गंभीर आहे की नेहमीची टिंगल चाललीय. "विमा काढलाय का" यातून त्या पोराला काय बदलायचं हे कसं कळणार? दुसऱ्या नंबरला सर्किट चालणार नाही अशी चूक, ती शक्यतो प्रश्न विचारून. सोल्डरिंगचे गोळे सगळ्यात शेवटी, आणि त्याने विचारलं तरच.

आणि एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आलेली दिसत नाही. त्या पोराने ०.४७ चा कपॅसिटर हवेतून काढलेला नाही. ५० हर्ट्झला त्याचा रिअॅक्टन्स (एसीला होणारा विरोध) पावणेसात किलोओहमच्या आसपास, २३० भागिले तेवढे म्हणजे सुमारे ३४ मिलिअँपियर. त्या निळ्या १२ व्होल्ट रिलेची कॉइल ४०० ओहमची, तिला लागतात ३०. म्हणजे एक तर त्याने गणित केलंय किंवा गणित केलेल्या माणसाचं सर्किट नीट उतरवलंय. त्याला पहिल्या वाक्यात "ट्रान्झिस्टर म्हणजे काय ते वाच" सांगणारे स्वतः हे गणित करतील का, मला शंका आहे.

मायक्रोहेन्री
ताई, सगळं मान्य, फक्त एक बारीकसं. ३४ हा आरएमएस, म्हणजे एसीचा परिणामकारक, आकडा झाला. ब्रिजनंतर कॉइलला मिळते ती सरासरी, ती आरएमएसच्या ०.९ पट, म्हणजे ३०-३१. त्यातून ट्रान्झिस्टरांचा खर्च वजा केला की रिले काठावर पास. व्होल्टेज २०० वर आलं, जे आमच्या गावाकडे रोज संध्याकाळी येतं, की रिले ओढेलच याची खात्री नाही.

सोल्डरवाली
@मायक्रोहेन्री, बरोबर. उद्या वर्गात हा प्रश्न घालते, नाव तुमचं.

फ्यूजउडव्या
बघा बघा, प्रात्यक्षिकासह धागा. कोणी कोणाचा विमा काढला नाही.

हॅमवाला
आमच्या हॅम रेडिओत, म्हणजे हौशी वायरलेसवाल्यांत, ह्याच्या उलट रोग आहे, तोही ऐका. समोरच्याचा सिग्नल कसा येतोय हे सांगायला आरएसटी नावाची पद्धत आहे, रीडेबिलिटी १ ते ५, स्ट्रेंग्थ १ ते ९, आणि मोर्स असेल तर टोनही १ ते ९. किती सोयीचं, समोरच्याला त्याचं नेमकं काय चुकतंय ते तीन आकड्यांत कळावं. आणि प्रत्यक्षात कॉन्टेस्टमध्ये जो तो ज्याला त्याला ५९९ देतो! सिग्नल गाळात रुतलेला, तीनदा कॉलसाइन परत विचारलं, आणि रिपोर्ट काय तर ५९९. सगळेच नम्र. मग ज्याचा ट्रान्समीटर गुणगुणतोय, बाजूच्या फ्रिक्वेन्सीवर सांडतोय, त्याला वर्षानुवर्षं कोणी सांगतच नाही.

म्हणून "आदराने बोला" म्हणताना ५९९ वाटत सुटू नका एवढंच. मला एकदा एका अनोळखी माणसाने "तुमचा ऑडिओ फाटतोय, माइक गेन कमी करून परत बोला, मी थांबतो" असं सांगितलं. त्यातला "मी थांबतो" महत्त्वाचा. नुसतं फाटतोय म्हणून निघून गेला असता तर मी काय फिरवू आणि कोणाला विचारू?

बाकी शून्य
५९९ प्रतिसाद.

हॅमवाला
:) आला का वात्रटपणा.

धडपडी
मी इथे नेहमी वाचनमात्र असते, आज लिहिते कारण मी त्या मुलाच्याच बाजूची आहे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, शाखाही इलेक्ट्रॉनिक्स नाही.

तुम्ही लोक "गूगल कर" म्हणता ना, तर टाकीचं सर्किट शोधून बघा, व्हिडिओमध्ये अशी बिनट्रान्सफॉर्मरची कितीतरी दिसतात, शेवटी बल्ब पेटतो, टाळ्या, सबस्क्राइब करा. त्यात आयसोलेशन हा शब्दच नसतो. म्हणजे जो शब्द मला माहीत नाही तो मी शोधणार कसा?

माझं स्वतःचं सांगते. ईएसपी ३२ या वायफायवाल्या छोट्या बोर्डावर रिले लावली होती, वायफाय चालू केलं की बोर्ड रीसेट. एका ठिकाणी विचारलं तर पहिल्या तासात मला कळलं की मी आळशी आहे, आजकालची पिढी कॉपी-पेस्ट आहे, आणि ब्रेडबोर्ड वापरणाऱ्यांनी इलेक्ट्रॉनिक्स सोडावं. मग एकाने फक्त विचारलं, "रीसेट होताना सिरियल मॉनिटरवर काय उमटतं, जसंच्या तसं टाक." मी टाकलं, "ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड", म्हणजे व्होल्टेज खाली पडलं. तो म्हणाला वायफाय सुरू होताना करंटचा झटका बसतो, यूएसबी केबल आखूड आणि जाड घे, ३.३ आणि ग्राउंडमध्ये मोठा कपॅसिटर टाक, रिलेला सप्लाय वेगळा दे. झालं काम. त्याने माझं कौतुक वगैरे काही केलं नाही, माझी तशी अपेक्षाही नव्हती. त्याने माझ्या बोर्डाकडे बघितलं, एवढंच.

तपकीर गल्ली
@धडपडी, लिहीत राहा.

आमच्या पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीला गेलात तर काउंटरवरचे लोक हे काम न बोलता करतात. मी कॉलेजात असताना असाच ४०० व्होल्टचा साधा पॉलिएस्टर कपॅसिटर मागितला, त्याने विचारलं कशाला, मी म्हटलं २३० ला लावायचाय. त्याने तो परत डब्यात टाकला आणि वर २७५ व्होल्ट एसी, एक्स टू असं छापलेला चौकोनी पिवळा काढून ठेवला. "हा घे. तो घेतलास तर परत येशील, किंवा येणार नाहीस." बस. पुढचं गिऱ्हाईक.

मायक्रोहेन्री
अवांतर: त्या दुकानदाराचं म्हणणं अगदी खरं. २३० आरएमएस म्हणजे शिखर ३२५ व्होल्ट, त्यावर लाइनमधले झटके. साध्या कपॅसिटरवरचे ४०० हे डीसीचे असतात, आणि मेन्सवर तो फुटला की शॉर्ट होऊ शकतो. एक्स टू अशा झटक्यांसाठीच बनवलेला, आत छोटं भोक पडलं तर तिथला धातूचा थर उडून जातो आणि कपॅसिटर सावरतो. म्हणून ते जुने झाले की त्यांची किंमत मायक्रोफॅरडमध्ये घटत जाते, बोर्ड जळत नाही पण रिले ओढेनाशी होते. आणि कपॅसिटरला समांतर एक मोठा रेझिस्टर हवाच, नाहीतर प्लग काढल्यावर पिनांना हात लावाल आणि कपॅसिटर प्रसाद देईल.

फ्यूजउडव्या
तो प्रसाद मी घेतलाय. तीर्थही घेतलं असतं पण हात थरथरत होते.

परदेशी पांडू
जर्मनीतून लिहितोय. कामाच्या ठिकाणी आमचे डिझाइन रिव्ह्यू होतात, सुरुवातीला वाटायचं माझी नोकरी आजच जाणार, इतकं तोंडावर बोलतात. हळूहळू लक्षात आलं की बोलणं फक्त बोर्डाबद्दल असतं. "यू ३ च्या पाचव्या पिनजवळ डीकपलिंग नाही", "मेन्स आणि लो व्होल्टेज ट्रॅकमधलं अंतर कमी आहे". "तू" हा शब्द येतच नाही. आणि प्रत्येक मुद्द्यापुढे लिहायचं की हे बदलल्याशिवाय बोर्ड जाणार नाही, की बदललं तर बरं, की नुसती माझी आवड. हा तिसरा रकाना फार उपयोगी आहे, निम्मी भांडणं तिथे मरतात.

डेटाशीटवाचक
पांडूशेठ, तिथे रिव्ह्यू करायचा पगार मिळतो. इथे आम्ही जेवण झाल्यावर फुकटात लिहितो. तोच प्रश्न चारशेव्यांदा आला, एलईडीला रेझिस्टर का लावायचा, ७८०५ (५ व्होल्टचा रेग्युलेटर) का तापतो, की माणूस चिडणारच. १२ व्होल्ट देऊन ५ घेतले आणि अर्धा अँपियर ओढला तर साडेतीन वॉट उष्णता होणार, हीटसिंक लाव. हे किती वेळा लिहायचं?

सोल्डरवाली
नका लिहू! कोणी सक्ती केलीय? चिडून लिहिण्यापेक्षा न लिहिणं परवडलं, दुसरं कोणीतरी लिहील. ज्याने ७८०५ ला पहिल्यांदा बोट लावून चटका खाल्लाय त्याच्यासाठी तो प्रश्न पहिलाच असतो. माझ्यासमोर दर जूनमध्ये नवीन साठ मुलं तोच प्रश्न घेऊन बसतात, पगार मिळतो हे खरं, पण पगारात चिडचिड धरलेली नाही.

तपकीर गल्ली
लिनक्स बनवणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्सचं आठवतं का कोणाला? मेलवर लोकांना झाडून काढायचा, शेवटी सप्टेंबर २०१८ मध्ये जाहीर माफी मागून काही दिवस बाजूला झाला, कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) मंडळींनी आचारसंहिताही तेव्हाच घेतली.

डेटाशीटवाचक
आणि त्याआधी १९९१ पासून शिव्या खात खातच ते कर्नल उभं राहिलं की. हलके घ्या.

हॅमवाला
उभं राहिलं हे खरं, पण जे शिव्या खाऊन निघून गेले त्यांची मोजदाद कुठेच नसते. मिलिअँपियरांच्या पोस्टीत तोच तर मुद्दा आहे. राहिलेले सांगतात आम्हाला काही झालं नाही.

मायक्रोहेन्री
एक अवघड बाजू मांडतो. बरेच जण म्हणतात चूक खाजगीत सांगावी, चारचौघांत नको. सोल्डरिंगबद्दल ठीक आहे. पण मेन्सची चूक खाजगीत सांगून भागत नाही, कारण ते सर्किट तोवर कोणीतरी डाउनलोड केलेलं असतं. तिथे जाहीरच लिहायला हवं. आणि पोस्ट उडवू नये, वरती ठळक लिहावं की हे असं बनवू नका, कारण अमुक, त्याऐवजी तमुक. उडवली की त्यातून कोणीच काही शिकत नाही, आणि पुढच्या महिन्यात दुसरं पोरगं तेच घेऊन येतं.

धडपडी
पण जाहीर लिहिलेलं राहतं हो. माझ्या नावाने शोधलं तर अजून ते "आळशी" वालं दिसतं.

मायक्रोहेन्री
हा मुद्दा मी धरला नव्हता. मग सूचना पोस्टीवर राहावी आणि टिंगल मॉडरेटरने उडवावी, असं?

वायरमन काका
असंच. भिंतीवर "धोका" पाटी लावतात, त्यावर घरमालकाचं नाव नसतं.

रिकामटेकडा
इतकं काय, सरळ लिहावं: "छान प्रयत्न! पण ट्रान्सफॉर्मर लावला तर अजून छान होईल!" सगळे खूश.

सोल्डरवाली
नाही ना! "अजून छान" म्हणजे आत्ता चालण्यासारखं आहे असा अर्थ होतो. पोरगं म्हणेल पुढच्या वेळी बघू. छान ते छान म्हणा, की गणित जमलंय, वायरिंग सुटसुटीत आहे, पण ते वेगळ्या वाक्यात. जीवघेणी चूक साखरेच्या पाकात बुडवून दिली की तीही गिळली जाते.

तपकीर गल्ली
बातमी आहे. त्या मुलाचं टोपणनाव दुसऱ्या एका रोबोटिक्सच्या ग्रुपवर दिसलं, म्हणून खाजगीत लिहिलं. जसंच्या तसं देतो, त्याला विचारून: "टाकीचा बोर्ड जोडलेला असेल तर आधी प्लग काढ, मग वायरी पाण्यातून काढ. तुझ्या सप्लायमध्ये आयसोलेशन नाही, त्यामुळे पाण्यात मेन्स येतं. बाकी लॉजिक बरोबर आहे. जुना १२ व्होल्टचा अडॅप्टर असेल तर त्यावर सगळं तसंच चालेल. काढलंस की कळव."

दोन दिवस काही नाही. आज उत्तर आलं, "काका टाकीवर लावलं नव्हतं, बाथरूममध्ये बादलीत टेस्ट केलं."

डेटाशीटवाचक
बादलीत!!! कसली बादली?

तपकीर गल्ली
विचारलं. स्टीलची.

डेटाशीटवाचक
अरे देवा.

वायरमन काका
त्याच्या आईच्या पुण्याईने वाचला. बादली हलवायला गेला असता तर?

तपकीर गल्ली
तो म्हणतो चालू केल्यावर लांब उभा राहून काठीने वायर बुडवली, कारण "जरा भीती वाटत होती". म्हणजे पोराला अंदाज होता. ग्रुपवर तो तेच विचारायला आला होता म्हणे, पोस्टीच्या शेवटी "हे सेफ आहे का" अशी ओळ होती. मिलिअँपियर, होती का हो?

मिलिअँपियर
स्क्रीनशॉट बघितला. आहे. फोटोंच्या खाली, "अधिक वाचा" वर टिचकी मारली की दिसते.

हॅमवाला
म्हणजे इतक्या लोकांनी प्रतिसाद दिला पण प्रश्न कोणी उघडलाच नाही.

बाकी शून्य
आज विनोद नाही.

सोल्डरवाली
तपकीर गल्ली, त्याला इथे यायला सांगा ना. अडॅप्टर मिळाला का त्याला?

तपकीर गल्ली
जुन्या सेट टॉप बॉक्सचा आहे, १२ व्होल्ट. इथे यायला तयार नाही, म्हणतो वाचेन. पण त्याचा पुढचा प्रश्न आलाय: वायरी आठवड्यात काळ्या पडतील का, आणि मोटर एक एचपीची आहे, रिलेवर १० अँपियर लिहिलंय, चालेल ना?

मायक्रोहेन्री
पहिल्याचं उत्तर: पडतील. डीसी सतत पाण्यातून गेला की एक इलेक्ट्रोड खाल्लाच जातो, तांब्याची वायर तर लवकर. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापर, आणि शक्य असेल तर दर काही मिनिटांनी क्षणभरच व्होल्टेज देऊन रीडिंग घे. त्याहून सोपं म्हणजे वायरी सोडून फ्लोट स्विच (पाण्याबरोबर वरखाली होणारा तरंगता स्विच) लाव.

डेटाशीटवाचक
दुसऱ्याचं मी देतो, त्याला हे पोचवा. १० अँपियर हे साध्या लोडचं रेटिंग आहे. एक एचपीची सिंगल फेज मोटर चालताना सहा-सात अँपियर घेते पण सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढते, त्या झटक्याने रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटतात. चिकटले की टाकी भरली तरी मोटर थांबणार नाही. निळ्या रिलेने मोटर थेट चालवू नये, रिलेने कॉन्टॅक्टरची (मोटरसाठीच्या दणकट रिलेची) कॉइल चालवावी आणि मोटर कॉन्टॅक्टरवर. आणि कॉइलवर उलटा डायोड लावलाय का ते विचारा, १२ व्होल्टच्या बाजूचं म्हणतोय, १एन ४००७ चालेल. २३० च्या बाजूला घरातल्या जाणत्या वायरमनला बोलाव म्हणावं, स्वतः करू नये.

फ्यूजउडव्या
साहेब, पाना कुठे गेला?

डेटाशीटवाचक
खिशात आहे, तुमच्यासाठी ठेवलाय.

गच्चीवाली
मध्येच घुसते, माफ करा. आमच्या सोसायटीत तळटाकी आणि वरची टाकी दोन्ही आहेत, खालची रिकामी असली तरी मोटर चालू राहते आणि पंप कोरडा फिरतो. फ्लोट स्विच दोन लागतील का? सर्किट नाही माझ्याकडे, इलेक्ट्रिशियनने एक डबा लावून दिलाय, उघडायची भीती वाटते.

मायक्रोहेन्री
भीती योग्य आहे, उघडू नका. दोन लागतील, सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक. खालच्या टाकीत पाणी असेल तेव्हाच सर्किट जोडणारा, आणि वरची भरली की तोडणारा. नवीन धागा काढा, इथे हरवून जाईल.

डेटाशीटवाचक
धाग्यात मोटरच्या नेमप्लेटचा फोटो टाका. आणि डब्यावर बाहेरून काही छापलं असेल तर तेही, दार न उघडता. मी सकाळी बघतो.